गडाच्या चढावर बंद पडणारी गाडी

आमच्या बाबांची मोटरसायकल वर्षभर नीट चालायची आणि रामटेकच्या चढावर बंद पडायची. बर्डीवर न्या, कोराडीला न्या, कुठेही न्या, तिची काही तक्रार नसे. पण दिवाळी झाली की आम्ही आईच्या माहेरी पारशिवनीला निघायचो, थोडी वाकडी वाट करून गडावर रामाचं दर्शन घ्यायचो, आणि त्या चढाच्या शेवटच्या मोठ्या वळणावर गाडी दोन आचके देऊन गप्प व्हायची. घरात यावर भरपूर चेष्टा चालायची. काका म्हणायचे, वहिनींच्या फराळाच्या डब्याचं वजन गाडीला झेपत नाही. आई हसायची आणि डबा काही लहान करायची नाही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी जिन्याखाली जुनी चादर पांघरून उभी होती आणि ती विकायचा विषय मी दर उन्हाळ्यात काढून दर पावसाळ्यात विसरत होतो. मग या हिवाळ्यात आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं. म्हणजे आम्ही ठरवलं. डॉक्टर बघितला, तारीख घेतली, कोणी कधी सुट्टी काढायची ते वाटून घेतलं. आई भिंतीचा आधार घेतल्याशिवाय न्हाणीपर्यंत जाऊ शकत नव्हती, तेव्हा दुसरा इलाज तरी काय होता? तिनं फक्त एक मागणी केली. ऑपरेशनच्या आधी एकदा रामटेकला जायचं. मी म्हटलं, रविवारी कार काढतो.

"कारनं नाही," ती म्हणाली. "तुह्या बापाच्या गाडीवर ने मले. मंग करा तुमाले काय करायचं ते."

माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला. मीही वैतागलो, पण आईनं एकदा म्हटलं की संपलं. आता प्रश्न एकच होता. ती गाडी नेहमीसारखी त्या वळणावर बंद पडली तर? पूर्वी आई उतरून चालायची. आता ती दहा पावलंही चालू शकत नव्हती. म्हणजे काही झालं तरी गाडी बंद पडायला नको होती, आणि ते आता माझ्यावर होतं.

मी मिहानमध्ये एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, पण पान्याशी माझं वाकडं नाही. नवं पेट्रोल घातलं, प्लग बदलला, गाडी सुरूही झाली. पण सेमिनरी हिल्सच्या चढावर बायकोला मागे बसवून आणि तिच्या मांडीवर तांदळाची पिशवी ठेवून नेलं, तर गाडीनं अर्ध्यातच मान टाकली. बायको पिशवी घेऊन पायी वर आली आणि त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी अंगणात कार्बोरेटर उघडून बसलो.

ज्यांनी तो कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्बोरेटरच्या खाली एक छोटी वाटी असते. टाकीतलं पेट्रोल त्या वाटीत येऊन थांबतं आणि इंजिनाला लागेल तसं तिथून वर जातं. वाटीत एक फ्लोट तरंगतो. पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर येऊन एक बारीक पिन ढकलतो आणि पेट्रोल येणं बंद होतं. फ्लोटला पितळेची एक लहानशी जीभ असते, तीच त्या पिनेला टेकते. ती जीभ केसभर वाकवली की वाटीतली पातळी बदलते. पातळी जास्त झाली तर पेट्रोल बाहेर गळतं. कमी झाली तर सपाटीवर काही कळत नाही, पण चढाला लागलं की इंजिन उपाशी मरतं.

माझ्या हातातल्या फ्लोटची पातळी चांगलीच कमी होती. पण मला नवल वाटलं ते त्या जिभेचं. तिच्यावर आडव्या बारीक रेघाच रेघा होत्या. वर वाकव, खाली वाकव, पुन्हा वर, असं वर्षानुवर्षं केल्यावर पत्र्यावर उमटतात तशा. मला बाबा आठवले. पारशिवनीला निघायच्या आदल्या दिवशी ते हमखास कार्बोरेटर घेऊन बसायचे. दवाखान्यातून आणलेली सलाईनची नळी वाटीच्या खालच्या भोकाला लावायचे, ती वाटीला समांतर उभी धरायचे आणि नळीत पेट्रोल कुठवर चढतं ते एक डोळा मिटून बघायचे. परत आल्यावर पुन्हा तोच कार्यक्रम. त्या वेळी कोणी जवळ गेलेलं त्यांना चालत नसे. मी म्हणालो, एवढी खटपट करून माणसाला पातळी काही जमली नाही बुवा. बाबांच्या हाताला गुण नव्हता, असा निकाल मी अंगणातल्या अंगणात देऊन टाकला आणि मला त्यांच्याबद्दल थोडी मायाही वाटली.

सलाईनची नळी त्यांच्या डब्यात तशीच होती, पिवळी पडून कडक झालेली. मी नवी आणली. जीभ अगदी हलक्या हातानं वाकवली, वाटी बसवली, नळीतली पातळी पाहिली, पुन्हा उघडलं, पुन्हा वाकवली. शेवटी पेट्रोल जिथे थांबायला हवं तिथे थांबलं. सेमिनरी हिल्सवर गाडी तांदळासकट चढली. बायकोसकट नाही, कारण तिनं यायला नकार दिला होता.

रविवारी सकाळी आई स्टुलावर चढून गाडीवर बसली, दोन्ही पाय एका बाजूला, हात माझ्या खांद्यावर. कामठी गेलं, कन्हानचा पूल गेला, मनसरला चहा झाला. थंडी होती, पण ऊन छान पडलं होतं आणि आई वाटेत दिसेल त्या शेताबद्दल बोलत होती. धान कापून झालेलं, कोणाच्या बांधावर तूर उभी, कोणाच्या नाही. गडाचा चढ लागला तशी तिनं माझा खांदा घट्ट धरला. मोठं वळण आलं. मी गिअर टाकला, कान इंजिनाकडे लावला. गाडीनं आचका दिला नाही. एका दमात ओढत ती आम्हाला वर घेऊन गेली. मी इतका खूश झालो की मान मागे वळवून म्हणालो, पाहिलं का, कशी आली! आई मागे वळून ते वळण बघत होती.

वर पायऱ्या आहेत, त्या तिला चढणं शक्य नव्हतं. ती खालच्या ओट्यावर बसली आणि इथूनच हात जोडते म्हणाली. मी दर्शन घेऊन परत आलो तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती. गुडघे दुखतात का, विचारलं. नाही म्हणाली. मग विचारलं तिनं, की गाडीचं मी नेमकं काय केलं. मी उत्साहानं सगळं सांगितलं, पितळेची जीभ, नळी, पातळी. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"ते मुद्दाम करत होते गा," ती म्हणाली.

म्हणजे जायच्या आधी पातळी उतरवायची आणि आल्यावर पुन्हा चढवायची; शेवटच्या खेपेला ती चढवायची राहूनच गेली असावी. मग ती हळूहळू सांगत गेली. महाल वस्तीतलं आमचं तेव्हाचं घर तुम्हा वाचणाऱ्यांनी पाहिलं नाही. माणसं जास्त, खोल्या कमी, आणि एका खोलीत चमचा पडला तर दुसऱ्या खोलीतून कोण पडलं म्हणून विचारणा व्हायची. नवराबायकोनं बसून बोलणं ही तिथे चैन होती, आणि मुद्दाम फिरायला जाणं त्याहून मोठी. पण गाडीच बंद पडली तर कोण काय म्हणणार? वळणावर गाडी थांबली की बाबा ती ढकलत न्यायचे, मी सीटवर बसलेलो, आई कॅरिअरवर हात ठेवून शेजारून चालायची. वर्षाचं साचलेलं सगळं त्या चढावर बोलून व्हायचं. एका वर्षी थंड हवेमुळे की कशामुळे, गाडी काही केल्या बंद पडेना, तेव्हा बाबांनी हळूच हात खाली नेऊन पेट्रोलचा कॉक बंद केला. आईनं ते पाहिलं होतं. तिनं कधी दाखवलं नाही.

"तुह्या पाठीवरचं एक राहिलं नाही," ती म्हणाली. "घरी रडायले जागा नव्हती. तिथं रडली मी."

मला त्या चढाचं काय आठवत होतं? माकडं, उन्हानं तापलेली सीट, आणि इतका वेळ का लागतोय म्हणून मी केलेली किरकिर. माझ्या डोक्यावरून ते दोघं बोलत होते आणि मी फराळाच्या डब्याकडे बघत होतो. आता मला एकदम भरून आलं. बाबांची फार आठवण आली, त्या मिटलेल्या एका डोळ्यासकट. आणि आईची ती जागा मी इतक्या निगुतीनं दुरुस्त करून तिच्या हातून काढून घेतली होती, याचं वाईट वाटलं.

उतरताना मी वळणाच्या वर गाडी बंद केली. आई म्हणाली, नको, काय करतं? मी म्हटलं, जमेल तेवढं. तिला उतरवलं. तिनं कॅरिअर घट्ट धरलं, मी ब्रेक दाबून गाडी वीतवीत सोडू लागलो आणि ती एकेक पाय टाकू लागली. पाच-सहा पावलं झाली असतील. ती थांबली, पण कॅरिअर सोडलं नाही.

"मले भेव लागून राहिलं," ती म्हणाली. "तुमी सगळ्यायनं ठरवून टाकलं. मले कोणी इचारलं नाही."

डॉक्टर चांगला आहे, आजकाल सगळेच करतात, तू उगाच घाबरतेस, ही उत्तरं माझ्या ओठांवर तयार होती. मी ती गिळली. बाबा त्या वळणावर काय बोलायचे ते मला माहीत नव्हतं, पण गाडी ढकलणारा माणूस फार बोलू शकत नाही, एवढं कळलं. ती बोलत राहिली. भूल दिल्यावर जाग आली नाही तर. आली, आणि पाय उचललेच नाहीत तर. सुनेनं न्हाऊ घालायचं, त्याची लाज. एवढं सारं तिच्या मनात होतं आणि आम्ही तिच्या शेजारी बसून सुट्ट्या वाटत होतो.

मी विचारलं, "आई, तुला करायचं आहे का?"

तिनं एका हातानं पदर सारखा केला. मग, विचार करून सांगीन म्हणाली, आणि मला हात दे म्हणाली. मी तिला पुन्हा गाडीवर बसवलं.

संध्याकाळी घरी पोचलो. आई दारात चपला काढत होती. बायकोनं आतून विचारलं, दवाखान्यातून फोन आला होता, तारीख पक्की सांगू का? मी म्हणालो, ते आईला विचार.