मीठ सोडलेले वडील

आमच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या स्वयंपाकाला चांगलं म्हटलं नाही. सांडोरच्या आमच्या वाडीत केळीचा घड उतरवला, तरी आधी त्यातलं डागी केळं शोधणारा हा माणूस. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मोबाइलवर कुणाचं तरी भाषण ऐकलं आणि मीठ सोडलं. वर उठता-बसता तांब्याभर पाणी. रक्तदाबाची गोळी चालू होतीच. डॉक्टरांना विचारा म्हटलं, तर त्यांना काय कळतंय, म्हणाले.

काही दिवसांनी ते गोड बोलू लागले. शेजारच्या कुत्र्याला ‘या, बसा’ म्हणाले. आईने केलेल्या अळणी वालाच्या भाजीला चक्क ‘झकास’ म्हणाले. मी घाबरून दवाखान्याचं नाव काढलं, तर आई माझ्यावरच उखडली. जन्मभर टोमणे खाल्ले, आता जरा कौतुक वाट्याला आलं तर तुझ्या पोटात का दुखतं, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी भाजी पुन्हा मागून घेतली आणि आईकडे बघून अदबीने म्हणाले, “बाय, तुमच्या हाताला चव हाय. आमच्या घरचीला असा जमत नाय.”

आईचा हात डावासकट तसाच राहिला. मग तिनेच मला रिक्षा आणायला पिटाळलं.

रक्तातलं सोडियम पार खाली गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की रक्तातल्या मिठा-पाण्याचं प्रमाण शरीर आपलं आपण सांभाळतं. मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकतात, मीठ धरून ठेवतात. पण इकडे मीठ बंद, तिकडे पाण्याचा मारा, त्यात गोळी लघवी वाढवणारी. मूत्रपिंडं बिचारी किती पुरी पडणार? मग मेंदूला सूज येते आणि माणूस भ्रमतो. आता मीठ एकदम चढवूनही चालणार नव्हतं. आईला एकच विचारायचं होतं, हे मला ओळखतील ना? तिने ते इतक्या हळू विचारलं, की डॉक्टरीणबाईंना ते मला पुन्हा विचारावं लागलं.

सलाइन थेंबथेंब चाललं. वडील आईला नर्स समजून सारखे आभार मानत होते आणि दर आभाराला ती आणखी रडवेली होत होती.

मग एका सकाळी तिने त्यांना पेज भरवली. त्यांनी पहिलाच घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

“पेज हाय का पानी? येवढी वर्सा झाली, तरी जमत नाय तुला.”

आईने वाटी माझ्या हातात दिली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. वडील गोंधळले. एवढं काय बोललो मी, असं मला विचारू लागले. मी उत्तर देण्याआधीच आई डोळे पुसत म्हणाली, “काय नाय. बोला तुमी आजून.”