काळ्या मातीसाठी टायर

कापसाच्या त्या वाईट वर्षांतली गोष्ट. ऐन हिवाळ्यात, वेचणी अर्ध्यावर असताना पाऊस लागला. मी विशीत होते. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातून भावाची रेंजर सायकल घेऊन गावोगाव बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरायचे. वाचायला मी शिकले तेही पत्रकांवरच. त्यामुळे अन्याय मला चटकन दिसायचा. नसला तरी दिसायचा.

टायर गुळगुळीत झाले होते. दारव्ह्यात सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांनी विरळ गुट्ट्यांचे, म्हणजे रबरी उंचवट्यांचे, अरुंद टायर पुढ्यात टाकले. मी भिंतीवरच्या रुंद, दाट गुट्ट्यांच्या टायरकडे बोट दाखवलं.

“ते मुरमाच्या रस्त्यावर चालते, बाई. आपल्या काळ्या मातीत गच्च भरते अन् निंघत नाही. हे बारीक घे, अन् मडगार्ड काढून टाक.”

“माझ्या जागी पोरगा असता तरी बारीकच दिले असते?”

“पोरगा असता तर आतापर्यंत बसवून गेला असता.”

बाकावरची दोन माणसं हसली. मग मी बोलायला लागले. बाईला कायम हलकं तेच का, कच्चं तेच का, तिचं बळ ठरवणारे तुम्ही कोण. वाक्यं तयारच होती, पत्रकात छापून झाली होती. काकांनी हात पुसले. “बसवून देतो, माय,” एवढंच म्हणाले, आणि रुंद टायर चढवले. मडगार्डही मी काढू दिले नाहीत.

चार दिवसांनी शेजारच्या मावशीच्या निराधार योजनेच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. नवरा वारलेला, पाठ धरलेली, तरी ती वाकून दुसऱ्यांचा कापूस वेचायची. अर्ज मंजूर झाला असता तर वेचणी सुटली असती. ती अर्ज द्यायला जीपनं तहसील कचेरीत निघाली होती.

मीच म्हटलं, “तुमचा दिवस कायले पाडता? मी नेऊन देतो.”

डांबरी रस्ता होता. पण मी शेतांमधल्या पांदणीनं निघाले, कारण मला टायर दाखवायचे होते. कुणाला, ते आजही सांगता येत नाही. अर्ध्या वाटेत चिखल गुट्ट्यांत बसला, मडगार्डखाली दाबला गेला आणि चाक फिरेनासं झालं. तुराटीनं कोरून काढायचे, दहा पावलांवर परत तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. कचेरीशी पोचले तेव्हा दाराला कुलूप होतं.

घरी येऊन मावशीला सांगितलं, “बाबू वेळेआधीच निघून गेला.”

इथवर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या रात्री मी पत्रक लिहिलं. गरीब बाईच्या तोंडावर दार लावणारा बाबू, असं त्यात होतं. बाजाराच्या दिवशी ते वाटलं, लोकांना आवडलं. दोघांनी पाठही थोपटली.

पुढच्या आठवड्यात मावशी स्वतःच जीपनं कचेरीत गेली. परतल्यावर तिच्या ओट्यावर मी विचारलं, “काय म्हणाला तो?”

“अर्ज घेतला. पण आता पुढच्या यादीत, म्हणे.” ती पायावरचा चिखल खरवडत होती. “त्या दिवशी वेळ झाल्यावरही थांबला होता तो. म्हणे, मावशी, तुमचं कोणी आलंच नाही.”

तिनं दुसरा पाय पुढे घेतला.

“तुहा कागद त्याच्या टेबलावर होता. त्यानं मले वाचून दाखवला.”

“मग तुम्ही काय म्हणाल्या?”

“काय म्हणू? म्हटलं, पोरगी लहान आहे.”

त्यानंतरच्या बाजारात मी दुसरं पत्रक वाटायला हवं होतं, माझी चूक कबूल करणारं. दोन ओळींचं काम होतं. मी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत पावसाला दोष दिला. कागद फाडला. मावशी मात्र दुसऱ्या सकाळी कापूस साठवायची ओटी कमरेला बांधून वेचणीला गेली, आणि यादी लागेपर्यंत जात राहिली.