पंखातलं रॉकेल

माझी नात विमानं दुरुस्त करायला शिकत होती. हे मी गावात इतक्यांदा सांगितलं की शेवटी सांगणं सोडून दिलं. आमच्या आळीत ती अजून हवाई सुंदरीच आहे.

लेखी परीक्षेत ती पास झाली, तोंडीत आपटली. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो. ट्रॅफिकमध्ये बसून त्याला भरपूर विचार सुचतात. त्यातला एक त्याने घरी आणला. आणखी एकदा परीक्षा द्यायची, नापास झाली तर भुकूमच्या स्थळाला होकार कळवायचा. स्थळ चांगलं होतं म्हणे. इमारतीला लिफ्ट होती.

नात पडवीत येरझारा घालत इंग्रजी घोकायची. दोन इंजिनांच्या, पुढे पंखे फिरणाऱ्या छोट्या विमानाला तेल कसं पोचतं, यातच ती अडकली होती. मी शेंगा फोडत आठ दिवस ऐकलं आणि म्हटलं, "मराठीत सांग. मला चौथी शिकलेलीला कळलं, तर तुला आलं."

"आज्जे, तुला काय कळणार हाय त्यातलं?"

"परीक्षा घेणाऱ्याला तरी कुटं कळलं तुजं?"

मग सांगायला लागली. तेल पंखांच्या पोकळीत भरतात. तेल म्हणजे रॉकेलच, जरा चोख. रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडं बाटलीत काढून पाणी आहे का बघायचं. रेशनचं रॉकेल मी जन्मभर असंच बघून घेतलं, मला कुणी लायसन दिलं नाही. टाकीतला पंप तेल इंजिनाकडे ढकलतो. इंजिनाशी दुसरा पंप त्याला जोर देतो. मध्ये एक झडप असते, आग लागली तर तेल तोडायला. वर थंडीने तेलातल्या पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून ते इंजिनाच्या गरम ऑइलने कोमट करून घेतात. डाव्या टाकीचं डाव्या इंजिनाला, उजवीचं उजव्याला. दोन्ही बाजूंना जोडणारा एक पाइप, त्याला कॉक.

"त्यो कॉक कायम उघडा," ती म्हणाली. "म्हंजी दोन्ही इंजिनांना दोन्हीकडनं तेल."

"परीक्षेत ह्येच सांगितलंस?"

"व्हय."

आमच्या शेतात दोन हौद आहेत, एक आमचा, एक दिरांचा. मध्ये तसाच पाइप, तसाच कॉक. त्याची मूठ काढून माझ्या फडताळात ठेवायची, असं दोन्ही घरांत ठरलेलं आहे. एकाची मोटर जळली तरच मूठ बाहेर निघते, आणि मोटर दुरुस्त झाली की त्याच दिवशी परत येते. एका उन्हाळ्यात दीर कॉक बंद करायला विसरले. विसरायला त्यांना फार आवडायचं. दुपारपर्यंत आमचा हौद कोरडा आणि त्यांचा ऊस गुडघाभर पाण्यात.

हे तिला ऐकवलं आणि विचारलं, "आता तुज्या इमानात कॉक उघडा ऱ्हायला तर?"

ती थांबली. "एकाच टाकीतनं दोन्ही इंजिनं पितील. एक पंख हलका, एक जड. इमान कलंडंल."

"मग उघडायचा कवा?"

"एक इंजिन बंद पडल्यावर. चालू इंजिनाला बंद बाजूचं तेल पाजायचं, दोन्ही पंख सारखं होईस्तवर. मग बंद."

"मग उलटं का सांगितलंस?"

"पाठच तसं झालतं."

एवढी फी भरून चुकीचं पाठ करायचं, हेही एक शिक्षणच.

परीक्षेत तिला नेमकं तेच विचारलं. या वेळी पास झाली. घरी पेढे आले. मुलगा पेढा हातात धरून म्हणाला, "आये, आता भुकूमला काय सांगू?"

"होकार कळवायला जीभ लई वळवळत व्हती. आता तीच वापर."

तो अंगणात जाऊन फोनवर बोलला. "लग्नाचं आत्ता न्हाई जमायचं. मुलगी इंजिनियर हाय आमची, इमानाची." एवढ्यावर फोन ठेवावा की नाही? पाहुण्यांना पाच मिनिटं विमानाचं तेल समजावून सांगत होता. सगळं चुकीचं.