घरचा पेशंट

९ जानेवारी २०२४, मंगळवार. दुपारच्या सुट्टीत आमच्या रुग्णालयाच्या रोख खिडकीवर सातशे साठ रुपये जमा झाले. केसपेपरचे साठ, फील्ड टेस्टचे, म्हणजे नजरेचा आवाका मोजण्याचे, सातशे. भरणाऱ्या होत्या नेत्रविभागातल्या वरिष्ठ ऑप्टोमेट्रिस्ट आम्रपाली ओव्हाळ आणि पेशंट होते त्यांचे वडील, दशरथ ओव्हाळ.

मी या रुग्णालयाच्या हिशेब विभागात आहे, येत्या मार्चमध्ये निवृत्त होईपर्यंत. खिडकीच्या मागेच माझे टेबल असल्याने मला सगळे ऐकू येते.

"मॅडम, वडील ना तुमचे?" रोखपाल समाधान म्हणाला. "मग पावती कशाला? वर न्या की तसेच."

"पेशंट आहेत. पावती फाड."

"सवलतीचा अर्ज तरी द्या."

"समाधान, तुला पैसे मोजता येतात ना? मग मोज."

मी उठून खिडकीपाशी गेलो. दशरथराव समोरच्या बाकावर बसले होते. मला पाहताच म्हणाले, "बघा साहेब हिचं! खणखणीत डोळे असताना सातशे रुपये उडवतीय."

आम्रपाली मॅडम खिडकीवर वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "परचुरे सर, उद्यापासून तनयाला व्हॅनने पाठवू नका."

तनया ही माझी नात, पहिलीत शिकणारी. माझी मुलगी हडपसरला राहते. तिच्या सोसायटीतल्या मुलांना दशरथरावांची पिवळी व्हॅन शाळेत नेते.

"का हो?"

"आत्ता विचारू नका. अजून त्यांनाच सांगितलेलं नाही."

आम्रपाली मॅडमना मी अठरा वर्षे ओळखतो. दशरथराव हडपसरच्या एका कारखान्यात कामगारांची बस चालवत. पहिली फेरी पहाटेची असे. आईने, शैलाताईंनी, शिवणकाम केले. मुलीला बारावीला विज्ञानात चांगले गुण मिळाले, तेव्हा नातेवाइकांनी डी.एड.चा सल्ला दिला. वडिलांनी बसमधल्या एका सुपरवायझरकडून ऑप्टोमेट्रीचे नाव ऐकले आणि शब्द नीट उच्चारता येत नसतानाही फॉर्म आणून दिला. पुढे ते सगळीकडे "मुलगी डोळ्यांची डॉक्टर" असे सांगू लागले. "डॉक्टर नाही हो अप्पा," असे मॅडम दर वेळी म्हणत आणि अप्पा दर वेळी ते ऐकलेच नसल्यासारखे करत.

आमच्याकडे त्या चष्म्याचे नंबर काढायला लागल्या आणि आज अवघड पेशंट त्यांच्याच खोलीत पाठवले जातात. बुबुळ शंकूसारखे झालेली कॉलेजची मुले, नजर अगदी मंद झालेले म्हातारे, एक डोळा आळशी झालेली बालके. बोलणे मात्र तुटक. एकदा सदाशिव पेठेतले एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "गेल्या वर्षी तर नंबर वेगळा होता." त्यावर मॅडम म्हणाल्या, "गेल्या वर्षी आपणही वेगळे होतात." गृहस्थ तक्रार द्यायला माझ्याकडे आले आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच खोलीबाहेर बसलेले मला दिसले.

विभागात एक नियम त्यांनी स्वतः भांडून आणला होता. चाळिशी ओलांडलेला कोणीही आला, फक्त चष्मा हवा म्हणाला, तरी त्याच्या डोळ्याचा दाब मोजायचा आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालून डॉक्टरांनी मागचा पडदा आणि नस बघायची. वेळ लागतो, रांग वाढते, लोक चिडतात. मॅडम ऐकत नसत.

या नियमाला एक वाट मात्र फुटली होती आणि ती सगळ्या रुग्णालयांत असते. ओपीडी संपली की घरचे पेशंट येतात. शिपायाची आई, नर्सचा दीर, माझी बायको. त्यांना रांग नाही, केसपेपर नाही. खुर्चीत बसायचे, तक्ता वाचायचा, नंबर घ्यायचा आणि डबा खाऊन जायचे. थेंब घातले की दोन-तीन तास धूसर दिसते, मग घरच्या माणसाला त्रास कशाला? आम्ही याला आपुलकी म्हणत होतो.

कारखाना बंद पडल्यावर, २०१४ मध्ये, दशरथरावांनी शाळेची व्हॅन घेतली. दर जूनमध्ये ते एका दुपारी येत. खुर्चीत बसत, दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचून दाखवत. मॅडम चिठ्ठीवर तसे लिहून सही करत. ती चिठ्ठी अप्पा व्हॅनच्या काचेला आतून चिकटवत आणि पालकांना दाखवत. "माझी मुलगीच तपासते. दुसऱ्या कुठल्या व्हॅनवाल्याची अशी सोय हाय का, सांगा." मी माझ्या मुलीला हीच व्हॅन सुचवली, ती याच कारणाने.

डिसेंबरमध्ये व्हॅनने भाजीच्या हातगाडीला धक्का दिला. हातगाडीवाल्याची चूक, असे ठरले. मग एक जानेवारीला बापलेक पेरणे गावी, भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेले. गर्दीत स्वयंसेवकांनी गुडघ्याच्या उंचीवर दोर बांधला होता. लोक तो बघून वळत होते. दशरथराव सरळ चालत गेले आणि दोरावर पडले. उठून स्वयंसेवकाला बोलले, "दोर बांधायची ही जागा हाय का?" मॅडमनी हे मला पुढे सांगितले. दोर लाल होता, उन्हात होता. अप्पांची नजर स्तंभाच्या टोकावर होती आणि त्या टोकाशी बसलेला कावळासुद्धा त्यांनी मुलीला दाखवला होता.

आठ तारखेला दुपारी त्यांनी अप्पांना बोलावून फील्ड टेस्ट केली, नेहमीसारखीच, पावतीशिवाय. निकाल स्वच्छ आला. इतका स्वच्छ की यंत्रानेच तो विश्वासार्ह नसल्याचे छापले. अप्पा खूश होते. "बघ, एक सोडला नाही." मॅडम रात्रभर जाग्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांना खिडकीवर आणून रांगेतला पेशंट केले.

पावती झाल्यावर माझे टेबलावर लक्ष लागेना. थोड्या वेळाने मी वर गेलो. फील्डच्या खोलीच्या दारात मॅडम उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. डोळ्यांचा दाब मोजून झाला होता आणि तो बराच वाढलेला होता, एवढे मला नंतर कळले.

"आत येऊ का?" मी विचारले.

"अप्पांना विचारा. पेशंट ते आहेत."

"या की साहेब," आतून आवाज आला. "साक्षीला राहा. उगा बापाला नापास करायला निघालीय."

खोली अंधारी होती. यंत्र म्हणजे एक मोठे पांढरे घमेले, आडवे धरल्यासारखे. पेशंटने हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचे. आजूबाजूला बारीक उजेड चमकतो. दिसला की हातातले बटण दाबायचे. प्रत्येक उजेडाच्या आधी यंत्रातून खट्ट असा लहानसा आवाज येतो.

टेस्ट सुरू झाली. खट्ट, बटण. खट्ट, बटण. अप्पांचा हात बस चालवणाऱ्याचा, एकदा लय सापडली की सुटत नाही.

मॅडमनी यंत्र थांबवले.

"अप्पा, आत्ता का दाबलंत?"

"दिसला की."

"उजेड नव्हता."

"आवाज आला."

"आवाज आला. यंत्र मुद्दाम करतं तसं. नुसता आवाज, उजेड नाही. कालही तुम्ही प्रत्येक वेळी दाबलंत."

दशरथरावांनी हनुवटी उचलली नाही. घमेल्यातच तोंड ठेवून म्हणाले, "मला वाटलं, सुटला तर मार्क जातो."

मॅडमनी त्यांच्या कानात कापसाचे बोळे घातले, स्वतःच्या हाताने, लहान मुलाला घालतात तसे. टेस्ट पुन्हा सुरू झाली. या वेळी बटणाचा आवाज मधूनच यायचा, मग बराच वेळ काही नाही. मी दाराला टेकून उभा होतो. यंत्र खट्ट करत होते आणि माणूस गप्प बसला होता. मला तो वेळ फार लांब वाटला.

छापील कागदावर दोन्ही डोळ्यांची खालची बाजू काळी होती. वरची आणि मधली बरी. काचबिंदू. मधली नजर शेवटपर्यंत राहते, म्हणून तक्ता वाचता येतो, कावळा दिसतो, पाट्या दिसतात. खालचे हळूहळू जाते आणि माणसाला गेल्याचे कळत नाही.

"म्हणजे काय दिसत नाही त्यांना?" मी न राहवून विचारले.

मॅडमनी तळहात स्वतःच्या कमरेशी आडवा धरला. "समोर बघत असले की याच्या खालचं सगळं."

माझ्या डोळ्यांसमोर तनया आली. शाळेसमोर व्हॅनमधून उतरून बोनेटच्या पुढून रस्ता ओलांडणारी. तिची उंची त्या हाताइतकीच आहे.

दशरथरावांनी कानातले बोळे काढले होते. त्यांनी सगळे ऐकले. मग म्हणाले, "दहा वर्षं दर जूनला तूच पास केलंस ना मला?"

"मी नुसता तक्ता वाचून घेतला, अप्पा. बाकी काहीच केलं नाही. बाहेरच्या माणसाला केलं असतं."

"मग मी बाहेरचा का नव्हतो?"

मॅडमनी बाहुली मोठी करायच्या थेंबांची बाटली हातात घेतली, पण टोपण उघडेना. मी उघडून दिले.

विभागप्रमुख डॉ. विजयमाला शिरोळे यांनी नस तपासली. त्या स्पष्ट बोलणाऱ्या. "गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं. थेंब जन्मभर. गाडी बंद, आजपासून." दशरथराव म्हणाले, "महिना तरी पुरा करू द्या, पालकांनी पैसे दिलेत." शिरोळे मॅडम म्हणाल्या, "पैसे परत करता येतात." घरी गेल्यावर व्हॅनची किल्ली दशरथरावांनी खिशातून काढली नाही. शैलाताईंनी मागितली तरी दिली नाही. सकाळी आम्रपाली मॅडम जिन्याच्या तोंडाशी बसून होत्या. सहा वाजता अप्पा खाली आले ते सरळ पायरीवर बसलेल्या मुलीला अडखळले. कठडा धरला म्हणून पडले नाहीत. तिथेच उभे राहून त्यांनी किल्ली तिच्या ओंजळीत टाकली आणि वर गेले.

हे मला मॅडमनी सांगितले नाही, शैलाताईंनी माझ्या मुलीला सांगितले.

पालकांना सांगायचे काम मॅडमनी फोनवर केले नाही. त्या सकाळी सातला सोसायटीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मुले दप्तरे घेऊन उभी, पालक घड्याळे बघताहेत, व्हॅन नाही. मॅडमनी काय झाले ते सांगितले आणि काचेवरची चिठ्ठी आपलीच होती, हेही सांगितले. माझी मुलगी तिथे होती.

एक पालक म्हणाले, "मॅडम, तुमच्या सहीवर आम्ही पोरं पाठवली. काही झालं असतं तर?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"नुसतं हो काय? यू आर अ प्रोफेशनल!"

"म्हणूनच आले."

एक बाई रडायला लागल्या. इंद्रजीत नावाचा दुसरीतला मुलगा, "अप्पा कधी येणार?" एवढेच विचारत राहिला. मॅडम सगळे पालक जाईपर्यंत थांबल्या आणि मग कामावर आल्या. त्या दिवशीही त्यांनी रोजच्याइतकेच पेशंट तपासले.

त्याच आठवड्यात त्यांनी वरिष्ठ पद सोडण्याबद्दल शिरोळे मॅडमना विचारले. शिरोळे मॅडम म्हणाल्या, "पद सोडून काय करणार? घरी बसून त्यांच्याकडे बघत राहणार?" तो विषय तिथे थांबला. आता घरचे पेशंटही केसपेपर काढून रांगेत बसतात. स्टाफची कुरकुर माझ्या टेबलापर्यंत येते. माझ्या बायकोला मी साठ रुपये भरून नेले, थेंब घातले, ती तीन तास माझ्यावर चिडून बाकावर बसली. तिची नस चांगली निघाली.

दशरथराव दर चार महिन्यांनी टेस्टला येतात. परवा मी पुन्हा वर गेलो होतो. मॅडम कागद हातात धरून खिडकीशी उभ्या होत्या. काळे वाढलेले दिसत होते.

"वाढलाय का आजार?"

"तेच कळत नाही, सर. दाब तर ताब्यात आहे. पण आता ते दिसलेल्या उजेडालाही दाबत नाहीत. विचारलं तर म्हणतात, नक्की नव्हतं, उगाच खोटं कशाला." त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. "पूर्वी सगळं दिसतंय म्हणायचे. आता काहीच म्हणत नाहीत. मी मोजू काय?"

मी जिना उतरलो. खाली दशरथराव बाकावर बसले होते, एका हाताने बाकाची कड धरून.

व्हॅन त्यांच्या इमारतीखाली उभी आहे. गिऱ्हाईक दोनदा आले, त्यांनी दिली नाही. रोज सकाळी फडक्याने पुसतात. काचेवरची चिठ्ठी त्यांनी खरवडून काढली आहे, डिंकाचा चौकोन राहिला आहे.

जानेवारीचे भाडे त्यांनी प्रत्येक पालकाला पूर्ण परत केले. पण त्या महिन्यात नऊ तारखेपर्यंत व्हॅन चालली होती. तेवढ्या दिवसांचे, आमच्या हिश्शाचे, चारशे पन्नास रुपये होतात. मी दोनदा देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. चारशे पन्नास रुपये देणे आहे.