तीन गोलकीपर

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी सासऱ्यांना लकव्याचा झटका आला आणि मी कळमनुरीच्या कॉलेजातून एक महिन्याची सुट्टी घेतली. महिन्याचे दोन झाले. मग एक दिवस कळलं की माझे गणिताचे तास दुसऱ्या मॅडमना दिलेत. मी तासिकेवर होते, त्यामुळे राजीनामा लिहिण्याचीही वेळ आली नाही.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा सकाळीच हळदीच्या शेतात जायचा. डोंगरकड्याच्या त्या घरात दिवसभर मी आणि मामा, म्हणजे माझे सासरे, दोघंच. त्यांचा उजवा हात आणि पाय गेला होता. तोंडात दोनच शब्द उरले होते, 'व्हय' आणि 'न्हाई', आणि तेही कधी कधी एकमेकांच्या जागी यायचे. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. दोन तासांत उरकून परत येता येईल तेवढंच माझं जग होतं. बाजारला गेले तरी कोथिंबीर निवडण्याआधी मी घड्याळ बघायची.

डिसेंबर लागता लागता धाकट्या भावाचा कॅनडातून फोन आला. तो आणि त्याचे मित्र फॅन्टसी लॅक्रॉस खेळायचे. आठ जण लागतात, एक जण कमी पडत होता.

"पैशाचं काही नाही, ताई. नुसती गंमत. रोज थोडं बघावं लागतं. तू तर घरीच असतेस."

लॅक्रॉस हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकत होते. त्याने व्हिडिओ पाठवला. चारी बाजूंनी फळ्या लावलेलं बंदिस्त मैदान, खेळाडूंच्या हातात जाळी लावलेल्या काठ्या, त्या जाळीत चेंडू घेऊन पळायचं आणि गोल करायचा. वाटेत एकमेकांना ढकलायचंही. आपण क्रिकेटची टीम मोबाइलवर लावतो तसंच इथेही. खेळाडू खरे, त्यांनी मैदानात मिळवलेले गुण आपल्या खात्यात. फक्त इथे एका खेळाडूला एकदा कुणी घेतलं की हंगामभर तो त्याचाच.

खेळाडू वाटून घ्यायचा कार्यक्रम तिकडे शनिवारी रात्री होता, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला. प्रत्येकाने आपली पाळी आली की दीड मिनिटात एक नाव निवडायचं. मी दोन रात्री जागून वहीत याद्या केल्या होत्या. पहिला गोलकीपर मी नीट विचार करून घेतला. तेवढ्यात मामांचं अंथरूण ओलं झालं. चादर काढली, त्यांना पुसलं, धोतर बदललं, आणि हात धुऊन फोन बघितला तर माझ्या दोन पाळ्या होऊन गेल्या होत्या. वेळ संपली की ॲप स्वतःच्या यादीतलं वरचं नाव आपणच निवडतं. त्याने मला आणखी दोन गोलकीपर दिले होते.

खेळायला लागतो एकच. भाऊ फोनवर पोट धरून हसला. मी हसले नाही. इतक्या दिवसांत स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट ठरवली होती, तीसुद्धा बसून पुरी करता आली नव्हती.

तरी खेळत राहिले. शुक्रवारी दुपारी मामांना भरवून झालं की टीम लावायची. रविवारी चहाच्या वेळी गुण कळायचे. मामा तरुणपणी जत्रांमधल्या कबड्डीत पंच असायचे. मी त्यांच्या उशाशी बसून व्हिडिओ लावला की ते डोकं वळवून बघायचे, आणि कुणी मागून ढकललं की जोरात म्हणायचे, "न्हाई."

नवऱ्याने एकदा वही उचलून बघितली.

"काय लिहून राहिली?"

"खेळाचे आकडे."

"त्यातून आपल्याला काय भेटतं?"

"काही न्हाई."

"मंग काहून खेळून राहिली?"

मी त्याचं ताट वाढायला घेतलं. त्याने वही होती तिथे ठेवली आणि जेवायला बसला.

जानेवारीत भावाच्या गोलकीपरचा गुडघा गेला. चांगला गोलकीपर कुणाकडेच जास्तीचा नव्हता, माझ्याशिवाय.

"ताई, एक दे ना. बदल्यात दोन चांगले फॉरवर्ड देतो."

"विचार करून सांगते."

"त्यात काय विचार? तू घरीच असतेस, तुला काय फरक पडतो?"

तो सौदा माझ्या फायद्याचाच होता, हे वहीतले आकडे सांगत होते. मी फोन बाजूला धरून मामांना विचारलं, "मामा, देऊ का त्याला?"

"न्हाई," मामा म्हणाले.

त्यांच्या मनात कदाचित 'व्हय' असेल. मी विचारून खात्री करू शकले असते. केली नाही. "मामा न्हाई म्हणतात," असं भावाला सांगितलं आणि फोन ठेवला. मामा आजारी पडल्यापासून मी नाही म्हटलेली ती पहिली गोष्ट. पुढे दोन महिने त्याचा फोन आला नाही.

हळद शिजवायचे दिवस आले. नवरा शेतातच राहायला गेला. माझी टीम कशीबशी उपांत्य फेरीत पोचली होती. त्या सामन्याच्याच शुक्रवारी दुपारी, टीम लावायच्या आधी, भरवताना मामांना ठसका लागला आणि श्वास घुसमटला. शेजाऱ्याच्या गाडीतून नांदेडला नेलं. पाच दिवस दवाखान्यात होतो. तिसऱ्या दिवशी फोन चार्ज केला तेव्हा भावाचा मेसेज होता: टीम का लावली नाहीस, हातातली मॅच घालवलीस. मी आधीच्या आठवड्यात लावून ठेवलेला गोलकीपर या वेळी खेळलाच नव्हता. बाकीचे दोघं माझ्या राखीव यादीत नुसते बसून होते.

मी लिहिलं, मामा ॲडमिट आहेत. त्याने लगेच फोन केला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं न्हाईस."

त्याने रोजचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "तुला दिवसभर एवढं असतं, हे मला खरंच माहीत नव्हतं."

मामा घरी आले ते नाकात नळी घेऊन. आता कूस बदलण्याबरोबर दोन-दोन तासांनी नळीतून पेज द्यावी लागते. जूनमध्ये कॉलेजातून फोन आला, त्या मॅडम दुसरीकडे लागल्या होत्या, तास घेता का म्हणाले. त्यासाठी गावातली एक बाई मदतीला ठेवली, पण तिला नळीची भीती वाटली आणि ती आठव्या दिवशी गेली. मी कॉलेजला नकार कळवला आणि न्हाणीत नळ सोडून बराच वेळ उभी राहिले. मग पेज गाळायला घेतली.

भाऊ आता रविवारी फोन करतो. आधी मामांचं विचारतो, मग खेळाचं. बोलताना मी दोनदा उठते, तो फोन धरून थांबतो.