ईशान्येचं तळं

चाळिशी आली की लोक ट्रेकिंगला लागतात, नाहीतर वाईनमधलं कळू लागल्याचा आव आणतात. मी कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळांसाठी नकाशे बनवायला घेतले. आमच्या ऑफिसातली मंडळी दर रविवारी ऑनलाइन लढतात. त्यांनी एकदा तरी माझ्या नकाशावर लढावं, एवढीच माझी हाव होती.

पहिला नकाशा अर्थातच नाशिकसारखा. मधून तिरकी नदी, ओलांडायला एकच दगडी सांडवा, वर ईशान्येच्या कोपऱ्यात एकाचं गाव, खाली नैऋत्येला दुसऱ्याचं. पोटापाण्यासाठी दोघांना मासळीचं एकेक तळं.

तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. निवृत्त झाल्यापासून ते वास्तुशास्त्र बघतात. आमच्या सोसायटीतली निम्मी स्वयंपाकघरं त्यांच्या शब्दाखातर जागची हलली आहेत.

"खालच्या गावाचं तळं दक्षिणेला? अरे, वाट लावशील त्या गावाची! पाणी ईशान्येला हवं."

मी इंजिनिअर. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी दोन्ही तळी आपापल्या गावाच्या ईशान्येला सरकवली.

रविवारी काय व्हायचं ते झालं. वरच्या गावाचं तळं गावाच्या पाठीशी सुखरूप, खालच्याचं मात्र थेट सांडव्याच्या तोंडाशी. शत्रू आला की आधी कोळी मरायचे, मग गाव उपाशी. खालचा प्रत्येक डावात हरला. चांदवडच्या सहकाऱ्याने ग्रुपवर लिहिलं, "खाली बसला तो मेला. लय बेकार नकाशा हाय, काढून टाक." मला जेवण गेलं नाही.

बाबा मात्र खूश. "वरच्याला लाभलं की नाही?"

"आणि खालचा?"

"त्याचं दार चुकलं असेल."

माझं डोकंच फिरलं. त्यांना खुर्चीत बसवलं आणि कॉम्प्युटरशी डाव लावून दिला. नेमकं खालचं गाव आलं. चहा निवायच्या आत त्यांचे सगळे कोळी कापले गेले.

"हे गाव मला दिलं कोणी?" ते कडाडले.

"खेळ देतो, बाबा. आपल्या वाट्याला कुठलं येणार, ते आधी कळत नाही."

ते पडद्यावरच्या नकाशावरून बोट फिरवू लागले. आजवर त्यांनी घराचा नकाशा पाहिला तो घर कोणाचं हे विचारूनच.

"मग दोघांचीही तळी पाठीमागे घे," ते म्हणाले.

"आणि ईशान्य?"

"राहू दे रे."

पुढच्या रविवारी नकाशाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हरणाऱ्यांनी एकमेकांनाच शिव्या घातल्या. मला अगदी भरून आलं. शेवटचा डाव मी लावला, तेव्हा बाबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले.

"आपलं गाव कुठलं?"

"अजून ठरायचंय."

"असू दे," ते म्हणाले. "कुठलंही चालेल."