जिथे भरणाराही पंगतीला बसेल

विश्रामबागच्या महाविद्यालयात प्रा. हमीद शिकलगार सरांच्या अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी विचारले, "मोठ्या कमाईवाल्यांच्या करातून राज्याने आधी काय करावे?" मी ऐटीत म्हणालो, "चकचकीत रस्ते." सर हसून म्हणाले, "आणि त्यावरून जायचे कुठे?" सगळा वर्ग खिदळला. पुढे मी कर सल्लागार झालो. श्रीमंतांचा कर कायद्यात बसवून कमी करणे हाच माझा धंदा, तरी सरांनी मला कधी अंतर दिले नाही. आजही चहा पुढे करून विचारतात, "काय, आज सरकारला कितीला बुडवलंत?"

निवृत्तीनंतर सर पलूसजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. दरवर्षी राज्याचा अर्थसंकल्प आला की ते देवळाच्या मंडपात तो गावाला समजावून सांगतात. एकदा माझे अशील, बेदाण्याचे व्यापारी आबासाहेब, तिथेच उखडले. "आमी कर भरायचा आन् खर्च कुणावर करायचा ते तुमी सांगायचं व्हय?"

सर शांतपणे म्हणाले, "आबा, जत्रेला सगळ्यात जास्त वर्गणी तुमची. मग जेवायला येगळं बसता का?"

"न्हाई बा! त्याच पंगतीत बसतो. म्हणून तर आचारी आमटीत पाणी घालायला भितोय."

"मग कराचा पैसा तसाच घालावा. दवाखाना असा, शाळा अशी, की भरणारासुद्धा तिथंच बसंल."

मंडपात हशा पिकला. 

गेल्या वर्षी सरांना मोतीबिंदूमुळे वाचता येईना. वाचन थांबले तर सर खचतील, या धास्तीने आम्ही विद्यार्थ्यांनी पुण्याच्या मोठ्या खाजगी रुग्णालयाची तयारी केली. सर ऐकेनात. ते सरकारी दवाखान्यात दाखल झाले. मला त्यांचा खरोखर राग आला. डोळ्यांच्या बाबतीत कसली तत्त्वे?

शस्त्रक्रिया उत्तम झाली. आबा भेटायला आले, घामाघूम झाले आणि वर पाहून गरजले, "आमच्या कराचा पंखा फिरत का न्हाई?" ते तडक दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या खोलीत शिरले. संध्याकाळी पंखा फिरू लागला. डोळ्यावर पट्टी असलेले सर वारा अंगावर घेत म्हणाले, "आबा, आज तुमी आमटी चाखली."

सरांचे आमच्यावर फार प्रेम आहे आणि आमचे त्यांच्यावर. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही काढत असलेल्या या गौरवग्रंथातल्या माझ्या चुका ते बऱ्या झालेल्या डोळ्याने शोधतीलच. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात, त्याच दवाखान्यात आहे. शेजारच्या खाटेवर आबासाहेब असतील. त्यांनाही मोतीबिंदू आहे, आणि पुण्याचे नाव काढले तर मलाच रागावतात.